घंटेच्या पोटातील घड्याळ

सोलापूरच्या गिरण्यांचा भोंगा एके काळी साऱ्या शहराचे घड्याळ होता. निवासी शाळेत ते काम घंटा करते. पहाटेचे उठणे, बुद्धवंदना, अभ्यास, भोजन, सारे तिच्या नादावर चालते. ही घंटा मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने आपोआप वाजावी, असे आम्ही विज्ञान विभागात ठरविले. आज्ञावली बिनचूक होती. तरीही पहिल्याच दिवसाअखेर घंटा आठ मिनिटे मागे पडली. पूर्वी हाताने घंटा देणाऱ्या विद्यार्थ्यानेच ती चूक पकडली. तिने आम्हांस जे शिकविले, ते येथे मांडीत आहोत.

मायक्रोकंट्रोलर स्वतः वेळ जाणत नाही. त्याला मिळणारी स्पंदने तो मोजतो. स्पंदनेच मंद असतील, तर अचूक गणितही चुकीची वेळ सांगते. म्हणून स्पंदनांचा स्रोत कामानुसार निवडावा लागतो.

आम्ही वापरलेल्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये ८ मेगाहर्ट्‌झचा आरसी दोलक आतच असतो. त्याला बाहेरचा एकही भाग लागत नाही. दिवा लुकलुकविण्यास वा बटण वाचण्यास तो पुरेसा आहे. परंतु कारखान्यातून येताना त्याची चूक १० टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि तापमान व विद्युतदाबानुसार ती बदलते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे १ टक्का चूकही दिवसाला चौदा मिनिटांहून अधिक भरते.

सिरॅमिक रेझोनेटरची चूक सुमारे अर्धा टक्का असते. दोन यंत्रांतील सिरियल संदेशवहनास तो चालतो. घड्याळास नाही, कारण दिवसाला सात मिनिटांचा फरक पडू शकतो.

क्वार्ट्‌झ स्फटिकाची चूक दशलक्षात २० भाग धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. मनगटी घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ स्पंदने देतो. ही संख्या २ चा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला नेमके एक स्पंदन उरते. मात्र हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक अचूक असतो. वैशाखात तो ४५ अंशांपर्यंत तापला, तर दिवसाला आणखी सव्वा सेकंद मागे पडतो.

म्हणून आम्ही डीएस ३२३१ ही घड्याळ-चिप निवडली. ती तापमान मोजून स्वतःची चूक सुधारते. ० ते ४० अंशांत तिची चूक दशलक्षात २ भागांच्या आत, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट. वीज गेली तरी लहान बटण-सेलवर तिची वेळ चालू राहते. मायक्रोकंट्रोलर स्वतःच्या आतल्या दोलकावरच चालतो. वेळ मात्र या चिपला विचारतो.

एक सावधानता. बाह्य स्फटिकाची निवड फ्यूज बिटांतून होते. स्फटिक न जोडता ती केल्यास चिप प्रोग्रामरला उत्तर देईनाशी होते. बाहेरून स्पंदने पुरविल्यावरच ती पुन्हा बोलते.

नव्या जोडणीनंतर त्याच विद्यार्थ्याने महिनाभर रोज सकाळी घंटा आकाशवाणीच्या वेळसंकेताशी ताडून नोंद ठेवली. फरक कानाला कळण्याइतका राहिला नाही. धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हणतात: या आणि स्वतः पाहा. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले, ते मुलांना ज्ञान हाती घेता यावे म्हणून. यंत्रावरही विसंबण्यापूर्वी ते तपासणारा विद्यार्थी घडणे, हेच आम्ही या प्रयोगाचे खरे फलित मानतो.