स्टुटगार्टचे महापौर

मुलांनो, मुंबई आणि जर्मनीतील स्टुटगार्ट ही भगिनी-शहरे आहेत. त्यांचे हे मैत्रीचे नाते १९६८ साली जुळले. त्याच स्टुटगार्टच्या एका महापौरांची आज आपण ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव मानफ्रेड रोमेल.

रोमेल यांचा जन्म २४ डिसेंबर १९२८ रोजी झाला. त्यांचे वडील एर्विन रोमेल हे दुसऱ्या महायुद्धातील नामवंत सेनापती होते. आपल्याविरुद्धच्या कटात ते सामील आहेत, असा हिटलरला संशय आला. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना विष घेण्यास भाग पाडण्यात आले. तेव्हा मानफ्रेड अवघे पंधरा वर्षांचे होते.

युद्ध संपल्यावर मानफ्रेड यांनी कायद्याचा अभ्यास केला. १९५६ मध्ये ते राज्य सरकारच्या सेवेत लागले. पुढे अर्थखात्यात ते मोठ्या पदावर पोहोचले. १९७४ साली स्टुटगार्टच्या नागरिकांनी त्यांना महापौर म्हणून निवडून दिले.

आपल्याकडे महापालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात आणि रोजचा कारभार आयुक्त पाहतात. स्टुटगार्टमध्ये तसे नाही. तेथे नागरिक स्वतः मत देऊन आठ वर्षांसाठी महापौर निवडतात. सभेचे अध्यक्षपद आणि शहराचा कारभार, दोन्ही त्यांच्याकडेच असतात. म्हणून निर्णयाची जबाबदारीही त्यांचीच असते.

१९७७ साली रोमेल यांची कसोटी लागली. त्या वर्षी एका दहशतवादी टोळीने जर्मनीत अनेकांचे बळी घेतले होते. ऑक्टोबर महिन्यात त्या टोळीतील तीन कैदी स्टुटगार्टच्या तुरुंगात मरण पावले. त्यांना पुरायचे कोठे, असा प्रश्न उभा राहिला. "आमच्या कबरस्तानात यांना जागा नको," असे अनेक लोक म्हणू लागले. लोकांचा राग स्वाभाविक होता. लोकांच्या मतांवर निवडून आलेल्या महापौरांना गप्प बसणे सोपे होते.

पण रोमेल गप्प बसले नाहीत. शत्रुत्व कधीतरी संपलेच पाहिजे आणि मृत्यूबरोबर ते संपते, असे त्यांनी ठामपणे सांगितले. शहरातील एका कबरस्तानात त्या तिघांचे दफन करू दिले. त्यांच्यावर खूप टीका झाली. तरी त्यांनी निर्णय बदलला नाही. गुन्ह्याला त्यांनी कधीच पाठीशी घातले नाही. फक्त मृतदेहाची विटंबना होऊ दिली नाही.

मग लोकांनी त्यांना पदावरून दूर केले का? नाही. १९८२ आणि १९९० मध्ये त्यांनी रोमेल यांनाच पुन्हा निवडून दिले. परदेशांतून आलेल्या कामगारांनाही शहरात मानाने वागवले जावे, असा त्यांचा आग्रह असे. १९९६ मध्ये ते निवृत्त झाले. ७ नोव्हेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी स्टुटगार्टच्या विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, लोकांना आवडेल तेच बोलणारे पुष्कळ असतात. लोक रागावलेले असतानाही योग्य तेच करणारा खरा लोकसेवक होय.

शब्दार्थ
कसोटी – परीक्षा
विटंबना – अपमान
निवृत्त होणे – सेवा संपवून पद सोडणे

स्वाध्याय
१. स्टुटगार्टचा महापौर कोण निवडतात?
२. १९७७ साली रोमेल यांच्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला?
३. रोमेल यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? कारण लिहा.