नेपाळला निघालेल्या भाचीस

कटंगी, जि. बालाघाट

चि. पोरी,


दादाचा फोन आला होता. तू तीन महिने नेपाळात, दांग जिल्ह्यात, मुलींना जीवनकौशल्यं शिकवायला जाणार आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत, एवढं कळलं. वहिनीला काळजी वाटते ती वाटू दे, आईच आहे ती. पण ‘आपल्याकडे काय गरीब मुली कमी आहेत?’ असं जे मंडळी विचारतात त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. त्यांच्यातलं कोणी इथल्या बीडी वळणाऱ्या बायांच्या ओसरीवर येऊन बसल्याचं मी तरी पाहिलं नाही.

सीमा ओलांडून आलेली मदत नसती तर पंडिता रमाबाईंचं काम उभं राहायला किती दिवस लागले असते कोण जाणे. त्या अमेरिकेत असताना डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन निघाली, विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं चालवायचं ठरलं, आणि त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आपल्या मध्यप्रांतात येऊन उपासमारीतल्या मुली आणि विधवांना घेऊन गेल्या. बालाघाट तेव्हा याच प्रांतात होतं. आईबाप आणि बहीण कोवळ्या वयात दुष्काळातच गेलेली, त्यामुळे भूक म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या मुली विणकाम, तेलघाणी, गुरं, छापखाना सगळं शिकल्या. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून जास्त जणी होत्या. मिनी अब्राम्स नावाची अमेरिकन बाई १८९८ पासून मुक्तीत राबली, पण कारभार रमाबाईंचा होता. परदेशातून आलेली बाई एका मराठी बाईच्या हाताखाली काम करते, हे त्या काळात किती लोकांना रुचलं असेल याचा विचार कर.

म्हणून तू जाण्याआधी एकच विचार. तिथे कारभार कोणाचा आहे? दांगमधल्या बायांचा, की काठमांडूतल्या किंवा लंडनमधल्या एखाद्या ऑफिसचा? तिथल्या थारू समाजातली बाई प्रमुख असेल तर बिनधास्त जा आणि तिचं ऐक. संस्था तुझ्याकडून भरभक्कम फी मागत असेल आणि तुझा पोलीस दाखला मात्र मागत नसेल, तर तिथे जाऊ नकोस. तुला न तपासता मुलींच्या खोलीत सोडतात ते दुसऱ्या कोणालाही सोडत असतील.

आता त्या मुलींबद्दल. कमलरी म्हणतात ती प्रथा तू वाचली असशीलच. थारूंचा माघी सण आपल्या संक्रांतीच्याच दिवसांत येतो. आपण इथे तिळगूळ वाटत असू तेव्हा तिकडे बाप आपल्या पोरीला वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या घरी कामाला लावत असे. कर्जात बांधलेल्या कमैया मजुरांना सरकारने जुलै २००० मध्ये मुक्त केलं. मुलींची ही प्रथा बंद झाल्याचं जाहीर व्हायला २०१३ उजाडलं, आणि तेही त्या मुली स्वतः रस्त्यावर उतरल्या तेव्हा. हे विसरून ‘बिचाऱ्यांना शिकवायला’ निघू नकोस. शिवाय लग्नाचं किमान वय नेपाळने २०१७ च्या कायद्यात मुलामुलींसाठी २० वर्षं ठरवलं. आपल्याकडे मुलीचं अजून १८ च आहे. कोण पुढारलेलं, ते तूच ठरव.

तुझ्या प्रशिक्षणात जागतिक आरोग्य संघटनेची ती दहा कौशल्यांची यादी असणारच. निर्णय घेणं, संवाद, तणाव सांभाळणं वगैरे. यादी वाईट नाही. पण नवव्या वर्षापासून दुसऱ्याचं घर चालवलेल्या मुलीला तणाव सांभाळणं तू काय शिकवणार? तिचं अडतं वेगळ्याच जागी. मजुरीचा हिशेब तिच्या हातात नसतो, बँकेत खातं नसतं, नागरिकतेचा कागद नसतो. नेपाळात तो दाखला सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि त्यावाचून पुढची बरीच दारं बंद राहतात. अर्ज कुठे करायचा, बापाची सही मिळत नसेल तर काय, कचेरीतल्या माणसाने ‘उद्या ये’ म्हटलं तर त्याला काय म्हणायचं, हे तिच्याबरोबर जाऊन शिकलीस तरी तुझे तीन महिने कारणी लागले.

इथलंच सांगते. बीडी वळणाऱ्या बायांना बचतीचं महत्त्व पटवायला बाहेरून एक ताई आल्या होत्या. चित्रांचे तक्ते, टाळ्यांचे खेळ, सगळा सरंजाम. बाया हसल्या, खेळल्या. शेवटी एका म्हातारीने विचारलं, ‘बाई, हजार बीडीमागं ठेकेदार छाट किती काढतो ते कोण मोजते?’ ताईंना छाट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. खराब म्हणून बाजूला काढलेल्या त्या बीड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि खराब कुठली ते ठेकेदारच ठरवतो. त्या दिवसापासून या बायांसाठी चालणाऱ्या आमच्या वर्गात आम्ही तेवढंच केलं. पानं मोजून घेणं, छाट मोजून वहीत लिहिणं, आणि ती वही ठेकेदारासमोर उघडणं. तिसरं सगळ्यांत अवघड होतं. ते जमायला एकटीदुकटी नको, चार जणी लागतात.

शिलाईचं मशीन घेऊन जायचा मोह सगळ्यांना होतो. जा, पण आधी दांगमधल्या घोराहीच्या बाजारात हिंडून बघ की ब्लाउज शिवणाऱ्या किती आहेत आणि शिवून घेणाऱ्या किती. शिकवायचं ते एकटीने शिकवू नकोस. पहिल्याच आठवड्यात तिथल्या दोन मुली हाताशी धर, महिनाभरात वर्ग त्यांच्या हाती दे आणि तू मागच्या बाकावर बस. तू गेल्यावर मुलींनी रडावं अशी अपेक्षा ठेवशील तर ती माया झाली, काम नाही. (तुझ्या स्वभावात हा धोका आहे, म्हणून लिहिते.)

एक गोष्ट रमाबाईंच्याच इतिहासातली. शारदा सदनात मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळताहेत असं दिसलं, तेव्हा १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची ख्रिस्ती श्रद्धा खरीच होती, पण वाद लांबला आणि हाल मुलींचे झाले. जिचं जेवण आणि छप्पर आपल्यावर अवलंबून आहे तिला आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. देव, राजकारण, लग्न करावं की नाही, यावर तुझी मतं गोंदियाच्या स्टेशनावर ठेवून जा.

आणि लाज बाळगू नकोस. पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झालेल्या, हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडलेल्या. इंग्रजी येत नसताना १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा वय अठ्ठेचाळीसच्या आसपास. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. आश्रमात मान असलेल्या बाईने परमुलखात भांडी घासली. तुलाही नेपाळी किंवा थारू येत नाही. मुली तुझ्या उच्चारांना हसतील, त्यांना हसू दे. दुकानात, नळावर, चुलीपाशी त्याच तुझ्या मास्तरणी असतील.

फोटो काढून टाकत बसू नकोस. कोणाला ‘तुझ्यावर काय गुदरलं’ असं विचारू नकोस. ती आपणहून सांगेल तेव्हा वही-पेन बाजूला ठेव. दर रविवारी वहिनीला फोन कर. तिकडे सुट्टी शनिवारी असते, म्हणून विसरशील.

रुपईडिहाला सीमा ओलांडताना ओळखपत्र हाताशी असू दे. आणि पोचल्यावर मला पहिलं पत्र लिहिशील त्यात डोंगरांचं वर्णन नको. संस्थेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते आणि मुलींच्या मजुरीची वही त्यांना वाचता येते का, ते लिही.

तुझी,
मोठी आत्या