ख्रिस्ती कॉलेजात समाजकार्य शिकावं का?

प्रश्न : मुलीला मुंबईच्या ‘निर्मला निकेतन’मध्ये बीएसडब्ल्यू करायचं आहे. आम्ही हिंदू. तिच्यावर धर्माचं दडपण येणार नाही ना? करिअरला फायदा होईल का? – एक पालक, सातारा

उत्तर : निःशंक मनाने पाठवा. ख्रिस्ती भगिनींच्या संघाने १९५५ मध्ये हे कॉलेज काढलं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची मिळते. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. आपल्याकडच्या समाजकार्य शिक्षणाचा पायाही एका ख्रिस्ती मिशनऱ्यानेच घातला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट आधी नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. १९३६ मध्ये ते आजच्या ‘टिस’चे (टाटा समाजविज्ञान संस्थेचे) पहिले संचालक झाले.

मुलगी खरी घडेल ती क्षेत्रकार्यात. रेशन कार्ड नसलेल्या बाईच्या उंबऱ्याशी बसायचं, तिचं ऐकून घ्यायचं, फॉर्म भरायला मदत करायची. निर्णय मात्र त्या बाईने स्वतः घ्यायचा. मग सगळं वहीत उतरवायचं. चांगले पर्यवेक्षक त्या नोंदीवर नेमकं बोट ठेवतात : हे बाईचं म्हणणं की तुझा अंदाज? सेवाभावाला अशी शिस्त लागली, की तो व्यवसाय होतो.

रुग्णालयं, बालकल्याण, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग अशी क्षेत्रं तिला खुली होतील. वरच्या जागांसाठी बहुधा एमएसडब्ल्यू ही पदव्युत्तर पदवी मागतात, तेव्हा पुढच्या दोन वर्षांची तयारी आतापासूनच ठेवा.