त्या पत्रकावर तुझं नाव

सांगली

चि. मुक्ता,


काल नलूवहिनीचा फोन आला. गुडघ्यात एक्झोसोमचं इंजेक्शन घेणार म्हणे. क्लिनिकच्या पत्रकावर सल्लागार म्हणून तुझं नाव छापलंय. ‘आपल्या मुक्ताचं नाव आहे, मग भीती कसली?’ म्हणाली. खरं आहे का हे? तू होकार दिलायस?

एक्झोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या, हे मला तूच समजावलंस, गणपतीत मोदक वळता वळता. 1983 मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोनना त्या मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींत दिसल्या, आणि पुढे किती वर्षं लोक त्यांना पेशीचा केर समजत राहिले. 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींनी त्यांच्यात आरएनए भरून उंदराच्या शिरेत सोडला, तो मेंदूपर्यंत पोचला. हे सांगताना तुझ्या हातातला मोदक तसाच राहिला होता.

पण त्याच दुपारी तू हेही म्हणालीस की शिरेतून दिलेल्या बहुतेक पिशव्या यकृत आणि प्लीहाच गिळतात, आत औषध भरणं जिकिरीचं, आणि एका खेपेचा माल दुसरीसारखा निघत नाही. मग क्लिनिकच्या त्या बाटलीत काय आहे, हे तू तपासलंस? डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला, नेब्रास्कात अशा इंजेक्शनांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला म्हणून. मंजुरी मिळालेलं एकही एक्झोसोम औषध तेव्हा तिथे नव्हतं. हे तुला मी सांगायचं?

तुझ्या आजीला शेवटच्या वर्षी ताकदीची इंजेक्शनं चालू होती. मी बी.फार्म. झालेली, उशाशी बसलेली. यात आहे काय, एवढं डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. अजून सलतं. म्हणून पुन्हा विचारते, नाव तू दिलंस का?

रागावले, माहीत आहे. फेलोशिप थकलीय, अण्णांचं ऑपरेशन, घराचा हप्ता, सगळं दिसतं मला. कदाचित तुला न विचारताच छापलं असेल. तसं असेल तर पत्राचा मसुदा आपण दोघी मिळून करू. दिलं असशील तरी काढून घेता येईल, मी सोबत येते.

नलूवहिनीला थांबवलंय, तुझ्याबद्दल काही बोलले नाही. हप्त्याचं मी बघते, अण्णांना कळायचं कारण नाही. जेवतेस ना वेळेवर? रविवारी ये. नाही जमलं तर फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

तुझी,
कुसुममावशी