तारेवाचून दुवा

नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या खोऱ्यात किनवट हे तालुक्याचे गाव आहे. भोवती सागवानाचे रान, डोंगरउतारांवर गोंड, कोलाम, आंध इत्यादी समाजांच्या लहान लहान वस्त्या, आणि पलीकडे तेलंगणाची सीमा, असा हा प्रदेश आहे. अशा ठिकाणी जगाशी संबंध राखणे पूर्वीपासूनच कष्टाचे. ओढ्याला पूर आला म्हणजे वाट अडते, आणि वाट अडली म्हणजे टपाल थांबते. आज टपालाबरोबर आणखी एका वाटेची गरज निर्माण झाली आहे, ती म्हणजे इंटरनेटची. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सातबाराचा उतारा ही कामे आता संगणकावरून होतात. अर्जाची अखेरची तारीख कोणासाठी थांबत नाही. ती चुकली, तर एखाद्या होतकरू मुलाची वर्षाची शिष्यवृत्ती बुडण्याची वेळ येते. म्हणून संगणकाला ही वाट कशी मिळते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

समजा, अशा भागातील एका शाळेत मेजावरचा एक स्वस्त संगणक आहे. त्याचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, त्यावर मुले चित्रे काढतात. परंतु इंटरनेटचा राऊटर आहे मुख्याध्यापकांच्या खोलीत, आणि संगणक आहे दोन खोल्या पलीकडे. संगणकाच्या पाठीमागे तार जोडण्याची सोय आहे. बिनतारी संदेश घेण्याची सोय मात्र त्यात नाही. असे का बरे? लॅपटॉप आणि मोबाइल ही हाती घेऊन हिंडण्याची साधने आहेत, म्हणून त्यांत ही सोय मुळातच असते. मेजावरचा संगणक एका जागी राहणार, त्याला तार जोडता येईल, असा विचार करून पुष्कळ कारखानदार किंमत कमी ठेवण्यासाठी ती गाळतात. अशा वेळी ‘हा संगणक निकामी, नवा आणा’ असा सल्ला देणारे भेटतात. पण घराला खिडकी नाही म्हणून शहाणा माणूस घर पाडीत नाही. तो भिंतीला खिडकी पाडतो.

ही खिडकी पाडण्यापूर्वी तिच्यातून काय येते, ते पाहू. तारेवाचून संदेश नेणाऱ्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. अशा लहरी असल्या पाहिजेत, असे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने गणिताच्या आधारे सांगितले. हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ च्या सुमारास त्या प्रयोगाने सिद्ध केल्या. पुढे १८९५ मध्ये आपले जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मधल्या भिंती ओलांडून दूरची घंटा या लहरींनी वाजवून दाखविली. महाराष्ट्राचाही या विद्येशी जुना संबंध आहे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे संदेश पुण्याजवळच्या खडकी येथून सुटत आणि इंग्लंडहून येणारे संदेश दौंड येथे घेतले जात. त्या केंद्रांना उंच मनोरे उभारावे लागले होते. आज तीच विद्या अंगठ्याएवढ्या उपकरणात मावते. संगणकांच्या बिनतारी जोडणीचे नियम १९९७ मध्ये ठरले आणि १९९९ मध्ये तिला ‘वायफाय’ हे नाव मिळाले.

वायफायच्या लहरी प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्ध्या वितीएवढी असते. या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. दुसऱ्या प्रकारच्या लहरी याच्या निम्म्या लांबीच्या असतात. त्या माहिती अधिक वेगाने नेतात, पण भिंतीपुढे लवकर थकतात. यांपैकी पहिल्या पट्ट्याची स्थिती गावच्या गायरानासारखी आहे. भारतात हा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यावाचून मोकळा आहे. एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. वायफायसाठी तसे करावे लागत नाही. मात्र गायरानात सर्वांचीच गुरे चरतात. शेजाऱ्यांचे राऊटर, बिनतारी माऊस, इतकेच काय, मायक्रोवेव्हची भट्टीही याच पट्ट्यात काम करते. म्हणून गर्दीच्या ठिकाणी वेग मंदावतो.

आता संगणकाला ही सोय कशी जोडावी? तिचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग यूएसबी अ‍ॅडॅप्टरचा. काही शे रुपयांत मिळणारे हे छोटे उपकरण पेन ड्राईव्हप्रमाणे संगणकाला लावतात. संगणक उघडावा लागत नाही. दुसरा मार्ग वायफाय कार्डाचा. हे कार्ड संगणकाच्या पेटीत मदरबोर्डवरील खाचेत बसवून स्क्रूने घट्ट करतात. त्याचे अँटेना पेटीच्या पाठीमागे दिसतात. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. आधी विजेची जोडणी काढावी, आणि कार्डाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावर साठलेली स्थिर वीज कार्डात जाऊन ते बिघडत नाही. तिसरा मार्ग मोबाइलचा. मोबाइल यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट संगणकास देता येते. अडचणीच्या वेळी हा मार्ग फार उपयोगी पडतो.

उपकरण बसविले म्हणजे काम संपले, असे नव्हे. संगणकाने ते ओळखावे यासाठी कधी कधी ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली लागते. येथे एक गंमत होते. आज्ञावली इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळण्यासाठी हवी आज्ञावली! अशा वेळी दुसऱ्या संगणकावरून ती पेन ड्राईव्हमध्ये आणावी, किंवा तिसऱ्या मार्गाचा आधार घ्यावा.

जागेची निवडही महत्त्वाची आहे. धातू या लहरींना परतवून लावतो. म्हणून पत्र्याच्या पेटीमागे, भिंतीशी दडलेल्या अ‍ॅडॅप्टरला लहरी नीट मिळत नाहीत. यूएसबीची जोडतार लावून तो मेजावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. उभ्या अँटेनातून लहरी मुख्यतः चहूबाजूंना आडव्या पसरतात. म्हणून एकाच मजल्यावर काम असेल तर अँटेना उभा ठेवणे बरे. मराठवाड्यातील जुन्या घरांच्या भिंती हातभर जाडीच्या दगडमातीच्या असतात. त्या उन्हापासून आपले रक्षण करतात, पण लहरींनाही अडवितात. पाण्याची टाकी आणि लोखंडी कपाट यांचेही तेच. राऊटर आणि संगणक यांच्यामध्ये भिंतीऐवजी दार आले, तर पुष्कळ फरक पडतो.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ‘बिनतारी’ म्हणजे तारेचा सर्वस्वी अभाव नव्हे. वायफाय हा लांबच्या प्रवासातील अखेरचा टप्पा आहे. राऊटरच्या मागे जमिनीतून गेलेली काचतंतूंची तार असते, नाही तर डोंगरावरचा मनोरा असतो. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक डोंगराळ गावांतील मुले मोबाइलला लहरी मिळाव्यात म्हणून टेकडी चढत. त्यांच्याजवळ साधन होते. मनोऱ्याच्या लहरी गावात पोहोचत नव्हत्या. अशा ठिकाणी कितीही महाग अ‍ॅडॅप्टर घेतला तरी उपयोग नाही. उलट राऊटर जवळ असेल आणि संगणक जागचा हलणार नसेल, तर साधी तार अधिक भरवशाची ठरते. शंभर मीटरपर्यंत ती काम देते. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे दुवा नेमका कोठे तुटला आहे हे आधी शोधावे, मग पैसे खर्च करावे.

राऊटरला पासवर्ड अवश्य ठेवावा, आणि तो मोठ्यांच्या अनुमतीवाचून कोणाला सांगू नये. पण त्या संगणकाचा लाभ मात्र सर्वांना द्यावा. ज्याच्या घरी साधन नाही, त्याचा अर्ज शाळेतील संगणकावरून वेळेत गेला, तर त्याचा एसटीचा फेरा वाचेल आणि आई-वडिलांचा मजुरीचा दिवसही बुडणार नाही. ज्ञान अंगी असले म्हणजे थोडक्या खर्चात, हाती असलेल्या साधनानेच केवढे काम होऊ शकते, ते यावरून दिसून येते.

स्वाध्याय

१. मेजावरच्या स्वस्त संगणकात बिनतारी जोडणीची सोय पुष्कळदा का नसते?
२. लेखकाने वायफायच्या पट्ट्याला गायरानाची उपमा का दिली आहे?
३. ‘वायफाय हा लांबच्या प्रवासातील अखेरचा टप्पा आहे.’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. पुढील शब्द वाक्यांत योजा : होतकरू, निकामी, मोकळा, भरवशाची.
५. तुमच्या शाळेचा आराखडा काढा. राऊटर, भिंती, दारे व लोखंडी कपाटे दाखवून संगणकासाठी योग्य जागा सुचवा व तिची कारणे लिहा.