हिरड्यांतून रक्त आणि रक्तातली साखर

प्रश्न : आईला (वय ५४) मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर घेते, तरी साखर उतरत नाही. हिरड्यांतून रक्त येते, दोन दात हलतात. ती मशेरी लावते. साखरेच्या गोळ्यांनीच दात हलले, असे शेजारी म्हणतात. गोळ्या बंद कराव्यात का?
– एक वाचक, मुरबाड

उत्तर : मुळीच नको. गोळ्यांनी दात हलत नाहीत. वाढलेल्या साखरेने हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि त्यातून दात हलतात. त्याच्याशी लढताना शरीर इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी दाहक प्रथिने सोडते. ती रक्तात मिसळून इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि साखर आणखी चढते. दिलासा असा, की दातांची मुळापर्यंत सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरू शकते. दाहक प्रथिनांच्या महागड्या तपासण्या नकोत. हिरड्यांची तपासणी आणि एचबीए१सी पुरे. मुरबाडच्या ग्रामीण किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कधी भेटतात, याची चौकशी करा. आईंना उपाशी नेऊ नका, मधुमेहाचे आधीच सांगा. मशेरी मात्र सोडायलाच हवी. ती तंबाखूच आहे, हिरड्या खाते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट देते. पू, सूज वा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.