उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या: ख्रिस्ती घरातील काटकसर

शास्त्रपाठ: योहान ६:१-१३, निर्गम १६:१४-२४, २ राजे ४:१-७, लूक १४:२८-३०

पाठाचा हेतू: देवाने दिलेला पैसा हा सोपवलेला ठेवा आहे हे ओळखणे, आणि घरखर्च, कर्ज व सणसमारंभ यांबाबत कुटुंबाने मिळून एक तरी निश्चित निर्णय घेणे.

काटकसर हा विषय उपासनामंदिरात आणण्याजोगा आहे असे पुष्कळांना वाटत नाही. तेलामिठाचा हिशेब घरी पाहावा, व्यासपीठावरून आत्मिक गोष्टी सांगाव्यात, असा समज आहे. परंतु प्रभूच्या दृष्टांतांची नुसती यादी करून पाहा. हरवलेले नाणे, रोजंदारीवरचे मजूर, चाकरांकडून हिशेब घेणारा धनी, बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा अंदाज घेणारा मनुष्य, कोठारे वाढवू पाहणारा धनवान. पैशाचा विषय प्रभूने टाळला नाही. मग आपण का टाळावा?

आपल्या आईवडिलांच्या पिढीने काटकसर केली ती बरीचशी नाइलाजाने. साखर रेशनवर मिळे, रॉकेलसाठी रांग लागे, स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९९१ नंतर बाजार भरत गेला. आता तर मोबाइलवर बोट टेकवले की वस्तू दारात येते, आणि पैसे पुढे कधीतरी हप्त्याने द्यायचे असतात. पूर्वी रिकामा खिसाच ‘नाही’ म्हणत असे. आता ते काम आपल्याला स्वतः करावे लागते, आणि त्याचा सराव आपल्याला फारसा नाही.

१. विपुलतेतली काटकसर

योहानाच्या सहाव्या अध्यायातील पाच भाकरी व दोन मासळ्यांची गोष्ट शब्बाथशाळेतील लहान मुलालाही पाठ असते. तिच्या शेवटाकडे मात्र आपले लक्ष थोडे कमी जाते. सर्व लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या.

ज्याने क्षणापूर्वी पाच हजारांना जेवू घातले त्याला तुकड्यांची काय गरज होती? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसेच करू शकला असता. तरी त्याने एकही तुकडा गवतात पडू दिला नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काटकसर ही केवळ टंचाईची सोय नाही. देणाऱ्याचा मान राखण्याची ती रीत आहे. ज्याच्या घरी भरपूर आहे त्यालाही ती लागू पडते, किंबहुना त्यालाच अधिक.

आणखी असे की, लोक उपाशी असताना प्रभूने तुकडे मोजले नाहीत. आधी सर्वांना हवे तितके मिळाले, मग उरलेले गोळा झाले. म्हणून मुलांच्या ताटातले दूध तोडणे, आजारी माणसाचे औषध लांबवणे किंवा घरी कामाला येणाऱ्या बाईच्या पगारात घासाघीस करणे याला आम्ही काटकसर म्हणत नाही. दुसऱ्याच्या पोटाला चिमटा काढून शिल्लक टाकणे हा कंजूषपणा होय.

२. साठवण केव्हा नासते?

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो माणशी एक ओमर. काहींनी जास्त गोळा केला, काहींनी कमी. मोजून पाहिले तेव्हा कोणाचे उरले नाही आणि कोणाला कमी पडले नाही. काहींनी उद्याच्या धास्तीने तो झाकून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले. इथवर आपण नेहमी वाचतो. पण पुढे चोविसाव्या वचनापर्यंत वाचा. सहाव्या दिवशी लोकांनी दुप्पट गोळा केला, शब्बाथासाठी सांगितल्याप्रमाणे राखून ठेवला, आणि तो नासला नाही.

मान्ना तोच, भांडी तीच. एक साठवण धास्तीची होती, दुसरी आज्ञेप्रमाणे ठरलेल्या कामासाठी होती. मुलीच्या शिक्षणासाठी, म्हातारपणासाठी, दुखण्याखुपण्यासाठी पैसा बाजूला ठेवणे यात अविश्वास नाही. उलट कपाटात न वापरलेल्या साड्यांची चळत, स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले तिसरे मिक्सर, माळ्यावर पडलेली भांडी यांकडे पाहून आपण विचारावे की हे कोणत्या कामासाठी राखले आहे?

३. विधवेचे तेल

दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायातील विधवेचा पती देवभीरू होता, असे ती स्वतः अलीशाला सांगते. तरी त्याच्या मागे कर्ज राहिले, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला. कर्जात सापडलेल्या कुटुंबाकडे बोट दाखवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. कर्ज देवभीरू घरातही शिरते. कधी आजारपणाने, कधी नोकरी गेल्याने, आणि कधी हिशेब न केल्याने.

आजचा सावकार दारात उभा राहत नाही, तो कागदावर असतो. म्हणून दोन हिशेब नीट समजून घेऊ.

पहिला हिशेब सरसकट व्याजाचा. समजा, एक लाख रुपये दोन वर्षांसाठी ‘फक्त बारा टक्के फ्लॅट’ दराने घेतले. व्याज झाले २४,००० रुपये, आणि महिन्याचा हप्ता सुमारे ५,१६७ रुपये. आपण दरमहा मुद्दल फेडत असतो, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. तेव्हा सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: दर सरसकट आहे की घटत्या शिलकेवर?

दुसरा हिशेब क्रेडिट कार्डाचा. कार्डावर २०,००० रुपये थकले आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज असेल, तर व्याज ७०० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १२६ रुपये. त्या महिन्यात १,००० रुपये भरले तरी मुद्दलातून केवळ १७४ रुपये कमी होतात. भरणारा समजतो आपण कर्ज फेडत आहोत. खरे तर तो जवळजवळ तिथेच उभा असतो.

‘शून्य टक्के व्याज’ या जाहिरातीविषयीही सांगायला हवे. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा दुसऱ्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते. आजच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांच्या योजनांतही रोखीची सवलत आपण सोडून देत नाही ना, आणि शुल्क किती आहे, हे पाहून घ्यावे.

आता अलीशाने काय केले ते पाहा. तुझ्या घरात काय आहे, असे त्याने प्रथम विचारले. म्हणजे असलेल्यापासून आरंभ केला. शेजाऱ्यांनी रिकामी भांडी दिली. तेल विकल्यावर आधी कर्ज फेडायचे आणि उरेल त्यावर मायलेकांनी जगायचे, असा क्रम त्याने घालून दिला. आपण बहुधा उलट क्रमाने चालतो. शेजाऱ्यांची भांडी हीही विसरण्याजोगी गोष्ट नाही. कर्जाने बुडालेल्या कुटुंबाला मंडळीत हिशेब जाणणारा, तोंड बंद ठेवणारा एखादा वडील माणूस मिळाला, तर त्या घराची अर्धी वाट सरते.

४. बुरूज, लग्न आणि नाताळ

बुरूज बांधायला काढून अर्ध्यावर सोडणाऱ्याला लोक हसतात, असे प्रभू म्हणतो. तो शिष्यत्वाविषयी बोलत होता; परंतु उदाहरण त्याने घराघरात पटेल असे निवडले. आपल्याकडे हा बुरूज बहुधा लग्नाच्या रूपाने उभा राहतो. साखरपुडा, हळद, बँड, हॉल, केक, शालू आणि गाऊन दोन्ही, शिवाय फोटो आणि व्हिडिओ. बेळगाव असो की इंदूर, वडोदरा असो की हैदराबाद, एका दिवसाच्या जेवणावळीसाठी बाप पाच वर्षे हप्ते भरतो, हे चित्र आपल्याला नवे नाही.

येथे एक कटू गोष्ट बोलल्यावाचून गत्यंतर नाही. गरीब कुटुंबाने साधे लग्न केले तर लोक म्हणतात, ‘त्यांच्याकडे होतेच काय?’ म्हणून तो बिचारा कर्ज काढतो. साध्या लग्नाची सुरुवात ऐपत असलेल्यांनीच करायला हवी. वडीलमंडळातील, चांगल्या नोकरीतील, परदेशी मुले असलेल्या घरांनी मंदिराच्या आवारात, महिला संघाच्या हातच्या जेवणावर दोन लग्ने लावून दाखवावीत. तिसऱ्या लग्नाला कोणालाही लाज वाटणार नाही.

नाताळाचेही तसेच. करंज्या, अनारसे, दारावरचा तारा यांचा आनंद आम्हांला हिरावून घ्यायचा नाही. प्रभू स्वतः काना गावच्या लग्नाला गेला आणि तेथील उणीव त्याने भरून काढली. बेथानीत त्याच्यावर मोलाचे सुगंधी तेल ओतले गेले तेव्हा त्याने त्या स्त्रीचीच बाजू घेतली. सणाला खर्च व्हावा. पण नवे कपडे घेता आले नाहीत म्हणून नाताळच्या उपासनेला न येणारी एखादी विधवा जर आपल्या मंडळीत असेल, तर आपल्या थाटामाटाने तिला दाराबाहेर ठेवले आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.

५. वाचवलेले कोठे जावे?

जॉन वेस्ली यांनी पैशाच्या उपयोगावर एक उपदेश लिहिला. तो १७६० मध्ये छापला गेला. प्रामाणिकपणे कमवा, वायफळ खर्च टाळून वाचवा, आणि द्या, असे त्याचे तीन भाग आहेत. तिसऱ्यावाचून पहिले दोन व्यर्थ, हा त्यांचा आग्रह होता. ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथडिस्टाचा दाखला ते देत, आणि तो त्यांचा स्वतःचाच मानला जातो. उत्पन्न तीस पौंड होते तेव्हा अठ्ठावीसवर निर्वाह करून दोन दिले. उत्पन्न साठ झाले, मग नव्वद झाले, मग एकशेवीस झाले. खर्च अठ्ठावीसच राहिला, दान मात्र बत्तीस, बासष्ट, ब्याण्णव असे वाढत गेले. पगारवाढ झाली की आपल्या गरजा किती चटकन वाढतात ते आठवून हा हिशेब पुन्हा वाचावा. १७७६ मध्ये सरकारी खात्याने त्यांच्याकडील चांदीच्या भांड्यांची चौकशी केली, तेव्हा लंडनला दोन आणि ब्रिस्टलला दोन असे चहाचे चार चमचे एवढीच चांदी आपल्याकडे आहे, आणि भोवतालचे लोक भाकरीला मोताद असताना आपण अधिक घेणार नाही, असे त्यांनी कळवले.

दूरचे उदाहरण नको असेल तर मिझोराम पाहा. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रियांनी १९१० च्या सुमारास स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूच्या कार्यासाठी बाजूला काढण्याची प्रथा सुरू केली. ती आजही चालू आहे. शिजायच्या तांदळातून एक मूठ गेली म्हणून कोणी उपाशी राहत नाही. परंतु अशा मुठींवर तेथे सुवार्तेचे काम उभे राहिले.

आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचा हात तर सदा मोकळा असे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परंतु त्यांच्या उदारपणाची दुसरी बाजू ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने लिहिली आहे. हातचे देऊन टाकणाऱ्याच्या मागे घर चालवणारे कोणीतरी असते. म्हणून दान किती द्यावे हे पतिपत्नींनी एकत्र बसून ठरवावे. असे दान टिकते.

६. घरात आरंभ कसा करावा?

१) एक महिना प्रत्येक खर्च वहीत लिहा. मोबाइलवरून दिलेले पैसेही लिहा, कारण ते हाताला जाणवत नाहीत. रोजचे तीस रुपये म्हणजे वर्षाला १०,९५० रुपये.

२) शंभरदोनशेच्या वरची, गरजेची नसलेली वस्तू आठवडाभर थांबून घ्या. पुष्कळदा आठवड्यानंतर तिची आठवणही राहत नाही.

३) ज्या खर्चात बचत आहे तो टाळू नका. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज खातो. नऊ वॉटचा एलईडी दिवा साधारण १६ युनिट.

४) लग्न किंवा शिक्षण यांसाठी आधीपासून साठवा. पोस्टातील पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून उघडता येते.

५) वाचलेल्या रकमेचा एक भाग दानासाठी निराळ्या डब्यात टाका आणि तो डबा मुलांच्या हाती द्या.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान मुलांच्या वर्गात बारा टोपल्यांचे चित्र काढून घ्यावे आणि प्रत्येक टोपलीत घरात वाया जाणारी एक गोष्ट लिहायला सांगावी: पाणी, पेन्सिल, भात, वीज, कागद. मुलांकडून घरच्या कर्जाची किंवा भांडणांची माहिती काढू नये. ज्या मुलांच्या घरी वाया घालवण्याइतके काही नाही अशी मुलेही वर्गात बसलेली असतात. त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही याची काळजी घ्यावी.

मोठ्यांच्या वर्गात पुढील प्रश्नांवर चर्चा व्हावी.

१. मान्ना एकदा नासला आणि एकदा टिकला. आपल्या घरातील कोणती साठवण कोणत्या प्रकारची आहे?

२. अलीशाने घालून दिलेला क्रम आपल्या महिन्याच्या पगाराला लावला तर काय बदलेल?

३. आपल्या मंडळीत साधे लग्न करण्यास कोणती अडचण आहे, आणि ती दूर करण्यास प्रथम कोणी पुढे यावे?

४. कर्जात सापडलेल्या कुटुंबाला त्याची अब्रू राखून मंडळी कशी मदत करू शकेल?

पाठ संपल्यावर प्रत्येक कुटुंबाने एका चिठ्ठीवर या महिन्यात सोडायचा एक खर्च आणि त्या पैशाचे करायचे एक काम लिहावे. चिठ्ठी कोणाला दाखवू नये. घरच्या पवित्र शास्त्रात ठेवावी आणि महिनाअखेरच्या कौटुंबिक प्रार्थनेत उघडून पाहावी.